पुढची कोठी

९ जानेवारी

मामा,

अक्षर ओळखीचं नाही म्हणून तुम्ही पाकीट उलटंपालटं करून बघितलं असेल. मी तुमची भाची. मला खांद्यावर बसवून तुम्ही धक्क्यावर बोटी दाखवायला न्यायचात, तीच. आता चाळिशी गाठली आहे. खांद्यावर बसवायचं म्हटलंत तर क्रेन मागवावी लागेल.

तुमचा पत्ता आईने दिलेला नाही. आमच्या घरात तुमचं नाव निघत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! का निघत नाही ते मला कधी कुणी सांगितलं नाही. घराच्या वाटणीवरून काही बिनसलं असेल असं मी आपलं धरून चालते. पत्ता नदीवरच्या जुन्या कामगारांच्या यादीत सापडला.

लिहायचं कारण वेगळंच आहे. बाबा जिच्यावर तांडेल होते आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली होता, ती बार्ज सापडली! बंद पडलेल्या वीटभट्टीमागे चिखलात रुतून बसली होती. आम्ही काही जणांनी ती ओढून जुन्या गोदीत आणली आहे आणि दर रविवारी तिच्यावर काम करतो. या नदीतून एके काळी धान्य, विटा, कोळसा जायचा हे आताच्या मुलांना खोटं वाटतं. एक तरी बोट धड करून पाण्यावर उभी करावी, एवढीच हौस. पगार नाही, वर कपडे खराब होतात ते वेगळेच.

आमचे म्होरके मास्तर. निवृत्त झाले, पण भूगोल शिकवायचं काही थांबलेलं नाही, आता आम्ही वर्गात. दुसऱ्या डॉक्टरीणबाई, दातांच्या. त्या गंज खरवडतात आणि म्हणतात, ‘काम तेच, फक्त ही पेशंट ओरडत नाही.’ तिसरा पैलवान. वजन पन्नास किलो, पोस्टात कारकून, म्हणून पैलवान. चौथी मी. पोटापाण्यासाठी शिलाई मशिनं दुरुस्त करते, त्यामुळे इथे जे फिरतं, अडकतं किंवा शिवायचं असतं ते माझ्याकडे येतं.

तुम्ही आम्हाला सांगाल का, तिचा मूळ रंग कोणता होता? माणसं कुठे झोपायची? सुकाणूची साखळी कुठून जायची? आणि अगदी पुढे, नाळेत, एक लोखंडी कोठी आहे. तिचं झाकण सोळा बोल्टांनी बंद आहे, सगळे गंजून एकजीव झालेत. तिच्यात काय असायचं?

खाली घरचा फोन नंबर देते. लिहायचा कंटाळा आला तर फोन करा.

तुमची भाची

२१ जानेवारी

ठके,

तुला ठकी म्हणायचो, आठवतं का? बाहुलीसारखी एकटक बघायचीस.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मी इथे डोंगरावर आलो त्याला चौतीस वर्षं झाली. इथे नदी नाही, तळं नाही, नळाला येतं तेवढंच पाणी. मी चौकीदारी केली, आता तीही सुटली.

रंग म्हणशील तर खाली काळा, वरची पट्टी विटकरी. मागच्या खोलीत दोन फळ्या होत्या, एकीवर तुझे बाबा, एकीवर इंजिनवाला. मी डेकवर ताडपत्रीखाली झोपायचो. साखळी डाव्या अंगाने जायची, तिला दर आठवड्याला तेल लागायचं. नाही घातलं तर वळणावर ती असा आवाज करायची की काठावरची गुरं पळायची. भाऊजी त्या आवाजाला ‘आपला भोंगा’ म्हणायचे. तुझे बाबा फार कमी बोलायचे, पण बोलले की हसू यायचं.

मास्तरांना माझा नमस्कार सांग. चांगलं काम करताय.

पुढच्या कोठीत काही नसायचं. तिच्या वाटेला जाऊ नका. ती आहे तशी राहू दे.

मामा

४ फेब्रुवारी

मामा,

पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. भोंग्यावर पैलवान इतका हसला की शिडीवरून पडता पडता राहिला. विटकरी पट्टीचा रंग आम्हाला एका पत्र्याखाली सापडला, अगदी तुम्ही सांगितलात तसाच.

पण तुमच्या शेवटच्या ओळीने घोटाळा केलाय. ‘काही नसायचं’ आणि ‘वाटेला जाऊ नका’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून मास्तरांनी भिंगातून बघावीत तशी बघितली. म्हणाले, ‘काही नसेल तर वाटेला का जायचं नाही?’ तेव्हापासून पैलवान त्या झाकणाला तिजोरी म्हणतो. मास्तरांना वाटतं, जुने नकाशे, मालाच्या वह्या असं काही असेल. एरवी ती कोठी आम्ही सगळ्यात शेवटी घेतली असती. आता मास्तर रोज एका बोल्टला तेल पाजतात.

मी खरं सांगू? परवा त्या झाकणावर हात ठेवला आणि उगाच काढून घेतला. थंडगार होतं. बाकीची बोट उन्हाने तापली होती, तेवढंच गार.

आणखी एक. गेल्या आठवड्यात तीनदा कुणीतरी फोन केला आणि मी हॅलो म्हटलं की ठेवून दिला. तुम्ही नव्हतात ना?

तिथे काय आहे ते सांगून टाका.

तुमची भाची

१३ फेब्रुवारी

ठके,

तिथे काही नाही म्हणून सांगितलं ना! त्या कोठीचा तळ कुजलेला आहे, पाय ठेवला की आरपार जाईल. शिवाय तिथे साप असायचे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. मास्तरांना म्हणावं, भूगोल शिकवलात तेवढा पुरे.

झाकणाला वरून वेल्डिंग करून टाका, म्हणजे प्रश्न मिटला. वडीलधारा माणूस सांगतोय, एवढं ऐक.

फोन मी केला नव्हता.

केव्हा उघडणार आहात ते मात्र कळव.

मामा

२६ फेब्रुवारी

मामा,

तुम्ही मला ठकी म्हणता, पण मी सहा वर्षांची राहिलेले नाही. वर्षानुवर्षं चिखलात असलेल्या आणि सोळा बोल्टांनी बंद केलेल्या लोखंडी पेटीत साप जाईल कुठून? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘तुझे मामा घाबरलेत. कशाला, ते मात्र सांगत नाहीत.’ मला ते आवडलं नाही.

मी काल आईसमोर मुद्दाम विषय काढला. म्हटलं, ‘मामाचं पत्र आलं होतं.’ ती बटाटे सोलत होती. सुरी हातात तशीच राहिली. मग तिने विचारलं, ‘बोटीबद्दल काय लिहिलंय?’ तुम्ही कसे आहात हे नाही, बोटीबद्दल! मी म्हटलं, रंग कुठला होता ते लिहिलंय. ती म्हणाली, ‘आणि?’ मी म्हटलं, आणि काही नाही. तिने सुरी खाली ठेवली आणि आत गेली. बटाटे मी सोलले.

बाबा तापाने गेले, दवाखान्यात, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक आहे. कोणता ताप, कोणता दवाखाना, विचारलं की आईचं डोकं दुखतं. आता मला वाटायला लागलंय की तुम्ही दोघंही एकाच गोष्टीवर बसून आहात. त्या कोठीत तुम्ही काही दडवलंत का? चोरीचा माल? मला लाज वाटणार नाही, चौतीस वर्षं झाली. पण खोटं नको.

सोळातले अकरा बोल्ट सुटले आहेत. रविवारी, १७ मार्चला, सकाळी दहाला उघडायचं ठरलंय. आत पहिले मास्तर उतरणार.

भाची

१२ मार्च

ठके,

आधी कामाचं. हे मास्तरांना आजच्या आज दाखव.

त्या कोठीत कुणी उतरू नका. डोकंही आत घालू नका. लोखंडाची कोठी वर्षानुवर्षं बंद राहिली की गंज आतली हवा खातो. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं. वास नाही, धूर नाही. पण माणसाला जगायला हवेतलं जे लागतं ते उरलेलं नसतं. दोन श्वासांत माणूस पडतो, ओरडतसुद्धा नाही. झाकण काढायचंच असेल तर काढा, लांब व्हा आणि पंख्याने दोन दिवस आत वारा घाला. अग्निशमनवाल्यांना बोलावून हवा तपासून घ्या. मगच.

आता दुसरं. तुझे बाबा तापाने गेले नाहीत.

बार्ज नऊ महिने उभी होती. कंपनीने पुन्हा माल भरायचं ठरवलं, तेव्हा पुढच्या कोठीत पाणी झिरपतंय का ते बघायचं होतं. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. भाऊजी म्हणाले, ‘बघून येतो, तू चहा टाक.’ बॅटरी घेऊन उतरले. मी वर बसून बोल्ट डब्यात टाकत होतो. चौथ्या पायरीवर त्यांनी वर बघितलं. काहीतरी विसरल्यासारखा चेहरा झाला. मग हात सुटला.

इंजिनवाला धावत आला. म्हणाला, ‘घसरले काय?’ आणि माझ्या बाजूने खाली उतरला. तो त्यांच्याच अंगावर पडला.

मग मी. मी एक पाय आत घातला. पायरीवर टेकवलासुद्धा. आणि काढून घेतला.

मला तेव्हा हवेचं काही ठाऊक नव्हतं, ठके. ठाऊक होतं म्हणून थांबलो असं म्हणता आलं असतं, तर मी आयुष्य ताठ मानेने काढलं असतं. मी घाबरलो, बस. धक्क्यावरून ओरडत पळत सुटलो. माणसं जमली तोवर दोघंही गेले होते. बंबावरचा साहेब मला म्हणाला, ‘तू उतरला असतास तर तिसरा काढावा लागला असता.’ चौतीस वर्षं मी ते वाक्य रोज घोकतोय, पण ते काही माझं होत नाही.

कंपनीने कागदावर आजार लिहिला. तुला काय सांगायचं ते ताईने ठरवलं. तिने मला एकच विचारलं, दारात, सगळ्यांसमोर, ‘तू वरच होतास?’ मी हो म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आठवड्याने मी गाव सोडलं.

साप नव्हते. तळही कुजलेला नव्हता. मी खोटं लिहिलं आणि माझ्या खोट्यानेच तुम्हाला त्या झाकणाची ओढ लागली, हे तुझं पत्र वाचून कळलं. तारीख वाचून दोन दिवस नुसता बसून होतो. फोनही मीच करत होतो. तुझं हॅलो अगदी ताईसारखं आहे. आज सकाळीही केला, हे सगळं सांगायला. पण या वेळी खरोखर ताईनेच उचलला. मी ठेवून दिला.

हे पत्र स्पीडपोस्टाने टाकतोय. पोस्टातली मुलगी म्हणाली, शुक्रवारी नक्की मिळेल. तिला तीनदा विचारलं.

मामा

२६ मार्च

मामा,

लहानपणी मी तुला अरेतुरे करायचे, आता तसंच लिहिते.

तुझं पत्र मला रविवारी सकाळी मिळालं. आईने हातात दिलं आणि म्हणाली, ‘फळीवर राहून गेलं होतं.’ मी उभ्याउभ्या पहिलं पान वाचलं, चप्पल शोधली नाही, तशीच निघाले. सव्वानऊ झाले होते, दहाला उघडायचं होतं. वाटेत मी मनाशी घोकत होते, अजून पाऊण तास आहे.

गोदीच्या दाराशी डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हणाल्या, ‘मास्तर आणि पैलवान सकाळी सातलाच आलेत. आपल्याला चकित करायचंय म्हणे.’

मी डेकवर पोचले तेव्हा झाकण बाजूला पडलं होतं. पैलवान भोकाच्या काठावर पाय सोडून बसला होता, हातात बॅटरी. मला बघून हसला. म्हणाला, ‘आत्ता उतरलेत. हाक मारली तर बोलत नाहीत, खजिना मोजत असतील.’

मी वाकून बघितलं. मास्तर खाली एका कुशीवर होते, गाल गाळात. चष्मा तसाच नाकावर.

पैलवानाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं. तो लगेच शिडीवर पाय टाकायला लागला. मी त्याचा पट्टा धरला. म्हटलं, ‘उतरू नकोस, आत हवा नाही.’ तो म्हणाला, ‘डोकं फिरलंय का तुझं? माणूस मरतोय खाली!’ मी त्याला मागे ओढलं आणि भोकाच्या कडेला त्याच्या अंगावर आडवी पडले. पन्नास किलोचा माणूस, पण त्या वेळी तो खरंच पैलवान होता. माझ्या दंडाला चावला. मी सोडलं नाही. तो ओरडत होता, ‘खुनी आहेस तू! खुनी!’ मी डॉक्टरीणबाईंना ओरडून सांगितलं, आधी बंबाला फोन, मग पंखा. रंग वाळवायला आणलेला मोठा पंखा मधल्या कोठीत होता, त्याला कापडी नळी मीच शिवून जोडली होती. त्यांनी ती ओढत आणली आणि मास्तरांच्या डोक्याकडे सोडली. पंखा सुरू झाला. नळी फुगली. आणि आम्ही वर बसून राहिलो.

बंब नऊ मिनिटांत आला. चौकी पुलापलीकडेच आहे, पण ती नऊ मिनिटं! मास्तरांचा हात मला दिसत होता. बोटं हलली असं वाटायचं, पुन्हा बघावं तर नाही. पैलवान रडायला लागला होता, तरी मी त्याला सोडत नव्हते. मग एकजण पाठीवर हवेचं नळकांडं बांधून उतरला. मास्तरांना वर काढलं तेव्हा चेहरा शिशासारखा होता. पण श्वास होता.

नऊ दिवस झाले. मास्तर डोळे उघडतात, बायकोला ओळखतात. तोच प्रश्न चार वेळा विचारतात. कालच मला म्हणाले, ‘तुमचं आडनाव काय हो?’ डॉक्टर म्हणतात, बरंचसं परत येईल, सगळं येईल असं सांगता येत नाही. पैलवान परवा आला. एका कोपऱ्यात बसून दिवसभर गंज खरवडला. जाताना माझ्या दंडाकडे बघून गेला.

मामा, मला हवेचं ठाऊक होतं, कारण तू लिहिलंस. तरी खरं सांगते. मी त्याला धरून पडले ते त्याच्यासाठी की माझ्यावर उतरायची वेळ येऊ नये म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. तू पाय काढून घेतलास याचं मला आता काही वाटत नाही, म्हणजे राग नाही, दयाही नाही. मी तिथेच होते एवढंच. बाबांसाठी मला अजून रडू आलेलं नाही. ते येईल कधीतरी.

त्या संध्याकाळी मी तुझं पत्र आईला पहिल्यापासून वाचून दाखवलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. त्याच घड्या मोडून पुन्हा घालत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, ‘हे तुला शुक्रवारी मिळालं असतं तर?’ मी म्हटलं, ‘मग काय, त्याच दिवशी मास्तरांच्या घरी गेले असते. विषय संपला असता.’ ती उठून गेली. तेव्हापासून धड जेवत नाही. मला वाटतं, बाबांचं सगळं पुन्हा वर आलं असणार. तू तिला दोन ओळी लिही.

तुझी ठकी

३ एप्रिल

बाळ्या,

तुला या नावाने हाक मारणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नसेल.

तू वरच होतास का, हे मी तुला दारात विचारलं, ते तुला लागावं म्हणूनच विचारलं होतं. तू जन्मभर विसरणार नाहीस हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. दहा-बारा वर्षं मला तुझा राग होता. मग राग संपला, पण तोवर लिहायची लाज वाटायला लागली. लाजेत आणखी वीस वर्षं गेली. हे एवढंच सांगायचं असतं तर मी आणखीही लांबवलं असतं.

पत्र फळीवर राहून गेलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. तुझं अक्षर ओळखलं. तीन दिवस आधी फोनवर कुणी बोललं नव्हतं, पण नुसता श्वास ऐकून मी तुला ओळखलं होतं. मला वाटलं, आता हा पोरीला सगळं लिहिणार. तिचा बाप कसा गेला ते. चौतीस वर्षं मी तिला ते कळू दिलं नव्हतं. मी पत्र माझ्या लुगड्यांच्या खाली ठेवलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. शनिवारी ती माझ्यासमोर बसून जेवली, उद्या काय काय करायचं ते सांगत होती. मी ऐकत होते. ती कोठी उघडणार आहेत हे मला ठाऊक होतं, बाळ्या. तिच्यात काय होतं हे मला तेव्हाही कुणी नीट सांगितलं नव्हतं, ते पडून गेले एवढंच कळलं होतं. पण ती जागा वाईट आहे हे ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले. रविवारी सकाळी ती निघायची तयारी करत असताना मला राहवलं नाही. मी ते काढून दिलं. आणखी पंधरा मिनिटं उशीर केला असता तर ती तशीच निघून गेली असती.

मी काल मास्तरांना बघून आले. त्यांनी मला तीनदा विचारलं, ‘आपण कोण?’ मी तीनदा सांगितलं, तिची आई. त्यांची बायको मला म्हणाली, ‘तुमच्या लेकीने वाचवलं हो.’ मी तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ शकले नाही.

पोरीला हे सांगितलेलं नाही. तिला वाटतंय मी तिच्या बापासाठी झुरतेय. ती माझी चादर नीट करते, मला जेव म्हणते आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही. तिला कळायला हवं. मी तोंड उघडते आणि उघडंच राहतं.

तुला रागाने काही लिहायचं असेल तर लिही, मी वाचेन. पण त्यापेक्षा तू ये. सकाळची गाडी घे, म्हणजे ती कामावरून यायच्या आत पोचशील. सांगणार मीच आहे, तुला काही बोलावं लागणार नाही. तू नुसता माझ्या शेजारी बस.

ताई